चिमीची शेंग आणि भाऊंचा दात

बसलात? मांडी घाला. नाकातलं बोट काढा. काढलं? मग ऐका. मध्ये मध्ये "मग?" म्हणायचं हं. नाही म्हणालात तर चिमी पुढे जाणार नाही, आधीच सांगून ठेवते.

एक होतं शहर. ते रोज वाढायचं. काल शेत होतं, आज दुकान. काल तळं होतं, आज पार्किंग. वाढता वाढता त्या शहरात एकच बाग उरली. एवढीशी!

बागेत एक खार राहायची. तिचं नाव चिमी. पाठीवर पट्टे, शेपटीचा झुबका. चालायची कशी? तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक!

एकदा बागेत ठकूआजी आली. गवतावर अनवाणी चालली. मग पिशवीत हात घातला आणि चिमीला एक शेंग दिली. भुईमुगाची शेंग. आत दाणे दोन. कानाशी हलवली की खुळखुळ, खुळखुळ!

चिमी म्हणाली, "आज माझं पोट टम्म आहे. शेंग उद्या खाईन."

मग तिने माती उकरली. खुरु खुरु खुरु. शेंग आत ठेवली. वर माती लोटली. थाप थाप थाप. आणि झाडावर जाऊन गुडूप झोपली.

सकाळी चिमी उठली. पोटात कावळे ओरडत होते. तुरुतुरु, टुणुक! खाली आली. बघते तर काय!

माती नाही. गवत नाही. सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. लाल ठोकळा, पिवळा ठोकळा, लाल ठोकळा, पिवळा ठोकळा. समोरचं जांभळाचं झाड नाही. तिथे लोखंडी नारळाचं झाड. त्याला नारळ नाहीत, दिवे आहेत. दिवे खाता येतात का? नाही! कोपऱ्यात एक पेंग्विन. आ वासून उभा. त्याच्या पोटात काय? कचरा!

नळ गळत असला तर या लोकांना वर्षभर सवड नसते. पण माती झाकायची म्हटलं, की एका रात्रीत काम फत्ते! काय म्हणावं आता यांना!

गेटवर एक पाटी होती. 'बागेत खाऊ आणू नये.' म्हणजे ठकूआजीच्या पिशवीतल्या शेंगाही गेटबाहेरच. पाटीच्या वर एक भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर भाऊ. भाऊ म्हणजे तिथले नगरसेवक. भाऊ हसत होते. एकेक दात दाराएवढा! खाली लिहिलं होतं, 'हसरी बाग, हसरे नागरिक!'

चिमी हसली नाही. चिमी रडली. चिक् चिक् चिक्!

"माझी शेंग कुठे? माझी शेंग कुठे?"

शेंग होती लाल ठोकळ्याखाली. चिमीने ठोकळा ढकलला. हलला नाही. ओढला. हलला नाही. चावला. आई गं, दात दुखला!

शेजारीच सिद्राम गवंडी विडी ओढत बसला होता. ठोकळे त्यानेच बसवले होते. चिमी गेली त्याच्याकडे. तुरुतुरु, टुणुक!

"सिद्रामदादा, सिद्रामदादा, ठोकळा उचल ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

सिद्रामने ठोकळ्याकडे पाहिलं. मग चिमीकडे पाहिलं.

"अगं, आत्ता तर बसवला. लगेच कसा उचलू? मी नाही उचलणार जा! मुकादमाने सांगितलं, तर उचलीन."

चिमी निघाली मुकादमाकडे. तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक!

मुकादम बसला होता खुर्चीत. खुर्ची होती पत्र्याच्या सावलीत. आधी तिथे झाडाची सावली होती. ते झाड कापलं. का? पत्रा लावायला जागा हवी होती म्हणून!

"मुकादमकाका, मुकादमकाका, गवंड्याला सांग ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

मुकादमाने कान खाजवला.

"मी कोण सांगणारा? ऑर्डर वरून यायला लागते."

चिमीने वर पाहिलं. वर एक कावळा बसला होता. त्याच्या चोचीत पाव होता, ऑर्डर नव्हती.

"तिकडे वर नाही गं! पालिकेच्या ऑफिसात! मी नाही सांगणार जा! मॅडमनी मान डोलावली, तर सांगीन."

चिमी निघाली मॅडमकडे. तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक! रस्ता ओलांडला. पाइपावरून चढली. खिडकीतून आत.

मॅडम कुठे होत्या? मीटिंगमध्ये. मीटिंग चालली. चालली. चाललीच! एक दिवस गेला, आणखी एक गेला. चिमी खिडकीत बसून राहिली. भूक लागली की कडुलिंबाची निंबोळी खायची. कडू कडू, थू थू! आणि परत खिडकीत.

एकदाची मीटिंग संपली. मॅडम बाहेर आल्या.

"मॅडम, मॅडम, मान डोलव ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"मुकादम सांगेना, गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

मॅडमला कोणी अगं-तुगं म्हणतं का? नाही म्हणत. पण भुकेल्या पोटी अहो-जाहो सुचत नाही, बरं का.

मॅडमनी टेबलावर नकाशा पसरला. नकाशात बाग होती. हिरवीगार!

"माती हवी? गवत हवं? हे बघ की. हिरवं आहे ना?"

"हा तर रंग आहे!"

"मग? हिरवाच आहे ना?"

आता बोला! चिमीने नकाशा हुंगला. कागदाचा वास आला. शेंगेचा नाही आला.

"मी नाही डोलणार जा!" मॅडम म्हणाल्या. "भाऊ बोलले, तर डोलेन."

चिमी निघाली भाऊंकडे. तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक!

भाऊ कुठे होते? बागेतच होते. व्यायामाच्या सायकलवर बसले होते. पांढरे कपडे, काळा चष्मा. पाय फिरत होते का? छे! फोटो निघत होता. खिचिक, खिचिक!

"भाऊ, भाऊ, बोल ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"मॅडम डोलेना, मुकादम सांगेना, गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

भाऊंनी चष्मा वर केला. फोटोवाल्याला म्हणाले, "हिच्याबरोबर एक घे रे." खिचिक! मग म्हणाले,

"शेंग कसली मागतेस? किती विकास केलाय बघ! फ्लेक्सवर काय लिहिलंय? हसरी बाग! इथे लोक हसले पाहिजेत. अजून कोणी हसलेलं दिसत नाही मला. मी नाही बोलणार जा! लोक हसले, तर बोलेन."

लोक हसले तर! आता हसणारे लोक आणायचे कुठून? पण आहेत हं. बागेत एक हास्यक्लब होता. तिथले आजोबा रोज सकाळी गोल उभे राहायचे. हात वर करून हसायचे. हा हा हा! हो हो हो! कोणी विनोद केला म्हणून नाही. तब्येतीसाठी!

चिमी निघाली हास्यक्लबकडे. तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक!

आजोबा अनवाणी गोल उभे होते. पण गप्प. एक पाय खाली, एक पाय वर. मग हा खाली, तो वर. ठोकळे तापले होते ना! चटके बसत होते, चट चट चट!

"आजोबा, आजोबा, हसा ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"भाऊ बोलेना, मॅडम डोलेना, मुकादम सांगेना, गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

आजोबा एकमेकांकडे बघायला लागले. एक आजोबा खोकले. दुसरे आजोबा म्हणाले,

"बाळे, आम्ही विनाकारण हसतो. कारण असेल तर नाही हसत."

"का?"

"भीती वाटते."

बघा! एवढे मोठे आजोबा, एवढ्या मोठ्या मिशा! आणि म्हणे भीती वाटते.

"शिवाय आमच्यात पहिली हसते ठकूआजी. मग आम्ही. आम्ही नाही हसणार जा! आजी हसली, तर हसू."

चिमी निघाली ठकूआजीकडे. तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु... टुणुक. दमली होती बिचारी.

ठकूआजी गेटजवळच्या बाकावर बसली होती. चप्पल घालून. तोंड एवढंसं झालं होतं.

"ठकूआजी, ठकूआजी, हस ना!"

"का गं चिमे, काय झालं?"

"क्लब हसेना, भाऊ बोलेना, मॅडम डोलेना, मुकादम सांगेना, गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

ठकूआजीने चिमीला मांडीवर घेतलं. पाठीवरून हात फिरवला.

"राणी माझी ती! कशी हसू गं? मी गवतावर चालायची. पायाला थंड लागायचं, मग हसू यायचं. आता गवतच नाही. मेल्यांनी पुसून टाकलं, फळा पुसावा तसं! खोटं खोटं मला जमत नाही. हसण्यासारखं काही दाखवलंस, तर हसेन."

चिमीने कोलांटी मारली. आजी हसली नाही. चिमी शेपटी पकडून गोल गोल फिरली. आजी हसली नाही. चिमी पेंग्विनच्या तोंडात शिरली आणि केळ्याचं साल डोक्यावर घेऊन बाहेर आली. आजी हसली का? ओठ हलले थोडेसे. पण हसली नाही.

झालं! संपलं सगळं. कोणी म्हणजे कोणी काही करेना.

चिमीला रडू आलं. रडायला कुठेतरी उंच बसावं वाटलं. ती गेटवर चढली. गेटवरून फ्लेक्सवर चढली. भाऊंच्या खांद्यावर बसली. म्हणजे चित्रातल्या भाऊंच्या. आणि त्यांच्या कानात ओरडली,

"आजी हसेना, क्लब हसेना, भाऊ बोलेना, मॅडम डोलेना, मुकादम सांगेना, गवंडी उचलेना, ठोकळा हलेना, माझी शेंग मिळेना!"

फ्लेक्सवरचे भाऊ नुसतेच हसत राहिले. बत्तीस दात दाखवून.

भूक तर अशी लागली होती की काही विचारू नका. चिमीने समोर पाहिलं. समोर एक पांढरं, गोल गोल, मोठं काहीतरी दिसलं. शेंगदाणा सोलल्यावर दिसतो ना, तसं!

होता तो भाऊंचा दात. अगदी पुढचा.

चिमीने चावा घेतला. कुर्र!

आणखी एक. कुर्र, कुर्र!

थू! प्लास्टिक! पण भुकेला कळतं का? कुर्र, कुर्र, कुर्र, कुर्र!

दात गेला. तिथे पडलं भोक. भोकातून मागचं आभाळ दिसायला लागलं. आणि भोकातून चिमीने डोकं बाहेर काढलं.

"चिक्!"

ठकूआजीने वर पाहिलं.

"अगं बाई! भाऊच्या तोंडाला खिडकी! आणि खिडकीत खार!"

आणि आजी हसली. खि! खि खि! खि खि खि! तिलाही पुढचे दात नव्हते, त्यामुळे हसू कसं भसाभस बाहेर आलं.

आजी हसली, तसा क्लब हसला. हात वर न करता हसला. तब्येतीसाठी नाही, खरंखुरं हसला. हा हा हा! हो हो हो! मिशा हलल्या, पोटं हलली, टोप्या पडल्या. भीती कुठे गेली कोण जाणे! रस्त्यावरचे लोक थांबले. तेही हसले. रिक्षावाला हसला. बागेत आलेली बाळंसुद्धा हसली.

भाऊ धावत आले. लोक हसत होते! भाऊंना तेच तर हवं होतं ना? मग भाऊ खूश झाले?

छे! भाऊंचे कान लाल झाले.

"हसू नका! हसू नका म्हणतो ना! काय पाहिजे तुम्हाला?"

सगळे ओरडले, "चिमीची शेंग!"

तुम्ही पण ओरडा! चिमीची शेंग!

मग काय! भाऊ फोनवर बोलले, "मॅडम, आधी ती शेंग काढा!" मॅडमनी मान डोलावली, डुगडुग डुगडुग. मुकादम खुर्चीतून उठला. उठला म्हणजे बघा! "सिद्राम, उचल!" सिद्रामने पहार घातली. हेऽऽ खण्ण! ठोकळा हलला. ठोकळा निघाला. खाली होती माती. काळी, ओली, छान वासाची.

आणि मातीत होती शेंग!

आजी हसली, क्लब हसला, भाऊ बोलला, मॅडम डोलली, मुकादमाने सांगितलं, गवंड्याने उचललं, ठोकळा हलला, चिमीची शेंग मिळाली!

चिमीने शेंग फोडली. टच्! आत दाणे दोन. एक दाणा चिमीने खाल्ला. कुटुम कुटुम. आहाहा! दुसरा दाणा हातात घेतला. तर त्याला फुटला होता कोंब. पांढरा, इवलासा, वाकडा.

चिमी म्हणाली, "तू राहा." तिने दाणा परत मातीत ठेवला. थाप थाप थाप.

संपली गोष्ट? थांबा की! गंमत तर आता आहे.

मुकादमाने ते भोक पाहिलं. सगळीकडे ठोकळे, आणि मध्ये माती. त्याला ते बघवेना.

"सिद्राम, ठोकळा परत बसव."

सिद्राम खाली बसला. विडी पेटवली.

"मॅडम डोलल्या का? ऑर्डर वरून यायला लागते."

मुकादम गेला मॅडमकडे. मॅडम म्हणाल्या, "भाऊ बोलले का?" मॅडम गेल्या भाऊंकडे. भाऊंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "लोक... हसतायत का?" हास्यक्लब म्हणाला, "आजी हसली, तर हसू."

आणि ठकूआजी? आजीने चप्पल काढली होती. दोन्ही पाय त्या मातीत ठेवले होते. थंड थंड! हसू तर इतकं येत होतं, इतकं येत होतं! पण आजीने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "मी नाही हसणार जा!"

मग?

आजी हसेना, क्लब हसेना, भाऊ बोलेना, मॅडम डोलेना, मुकादम सांगेना, गवंडी बसवेना, ठोकळा बसेना, चिमीची माती झाकेना!

आजपर्यंत झाकली नाही. दाण्याचं रोप झालं. त्याला पिवळी फुलं आली. अख्ख्या बागेत माती तेवढीच, म्हणून सगळी बाळं तिथेच बसतात. घसरगुंडी रिकामी, लोखंडी झाड रिकामं. आणि मातीत ही गर्दी! कोणी खड्डा करतं, कोणी पोळ्या करतं, कोणी गुपचूप चाखून बघतं. चाखणाऱ्यांनो, मला माहीत आहे हं तुमची नावं.

आणि गेटवर काय झालं, माहितीये? नवीन फ्लेक्स लागला. जुन्यापेक्षा मोठा. त्यावर कोपऱ्यात चिमी, माशीएवढी. मध्ये भाऊ, हत्तीएवढे. खाली लिहिलंय, 'चिमीला शेंग मिळाली! भाऊंच्या प्रयत्नांना यश!'

भाऊ हसतायत. सगळे दात नवे कोरे. पांढरे, गोल गोल, मोठे मोठे.

चिमीने खालून वर पाहिलं. पोट भरलेलं होतं तिचं. भूक अजिबात नव्हती.

तुरुतुरु, टुणुक! तुरुतुरु, टुणुक!

कुर्र.